बावीस घरांचा दोरा

"सगळो माझो," तो म्हणाला.

"सगळा?"

"सगळो, साहेबानू. लिवा माझ्या नावार."

चौकीच्या दारात बैलगाडी उभी होती. गाडीत चार गाठोडी, गाठोड्यांत नायलॉनचा परदेशी दोरा, आणि गाडीच्या चाकाला टेकून उभा असलेला भिकू तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारीतला पुढारी. वय पन्नाशीच्या पुढे, काखेत छत्री, पायांत काही नाही. सकाळचे अकरा वाजले होते. चोरटा माल आणणारा माणूस सकाळी अकराला, उघड्या गाडीतून, चौकीच्या दारात येऊन "ह्या बघा, काय ता" असं म्हणत नाही. एवढं त्याच वेळी माझ्या टाळक्यात शिरायला हवं होतं. शिरलं नाही. मी नवा होतो, टेंपररी होतो, आणि शहाणा होतो. हे तिन्ही गुण एका माणसात जमले की काय होतं ते पुढे सांगतो.

ही गोष्ट गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. शिरोड्याच्या पुढे खाडीकाठी आमची कस्टम्सची चौकी होती. लोकांना वाटायचं, गोवा आता आपला झाला, मग चौकी कशाला? आम्हालाही अधूनमधून तसंच वाटायचं. पण पोर्तुगीजांच्या वेळी गोव्यात भरपूर परदेशी माल येऊन पडला होता. घड्याळं, पेनं, कापड, दोरा. तो बिनजकातीचा इकडे आला तर इथल्या बाजाराचं काय, म्हणून काही काळ नाके तसेच ठेवले होते. नियम साधा होता. घरगुती वापरापुरतं न्या, व्यापारासाठी नेऊ नका. आमच्या भाषेत पर्सनल यूज आणि कमर्शियल यूज. एका माणसाच्या मनगटावर एक घड्याळ असेल तर पर्सनल. लेंग्याच्या नेफ्यात अकरा असतील तर कमर्शियल. घड्याळाचं सोपं होतं. दोऱ्याचं काय करायचं ते नियमात कुठेच नव्हतं.

मी तळेऱ्याकडचा. भाताचा आणि काजूचा माणूस. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. मी भिकूला विचारलं, "एवढा दोरा कशाला?"

"जाळ्याक."

"तुझं जाळं एवढं मोठं?"

"रापणीचा जाळा, साहेबानू. मोठाच आसता."

"म्हणजे हा माल धंद्यासाठी."

तो हसला. "मगे काय पांघरूक?"

मी ते हसणं उद्धटपणाचं धरलं. नव्या साहेबाला सगळ्यांचं हसणं उद्धटच वाटतं.

गाठोडी सोडली. आत दोऱ्याच्या चव्वेचाळीस लडी होत्या. लड म्हणजे पिळून गाठ मारलेली दोऱ्याची जुडी. प्रत्येक दोन लडी एकत्र बांधलेल्या, आणि बांधायला काय, तर जुन्या लुगड्याचे धडपे. एकाला हिरवा, एकाला तांबडा, एकाला चौकड्यांचा, एकाला तर नुसता विटक्या किनारीचा. काही लडी जाड दोऱ्याच्या, काही बारीक. मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: वजन. महिनाभर आधीच एका पंचनाम्यात मी काथ्याच्या पोत्यासकट मालाचं वजन लिहिलं होतं आणि मालवणहून सुपरिंटेंडंट साहेबांचा मेमो आला होता. मेमो म्हणजे लेखी ताशेरा. दुसरा मेमो आला असता तर नोकरीत कायम व्हायचं लांबलं असतं.

म्हणून मी शिपायाला म्हटलं, "त्या चिंध्या काढ. निव्वळ दोऱ्याचं वजन हवं."

भिकू तेव्हा मात्र दोन पावलं पुढे आला. "साहेबानू, ते सोडू नकात. मिसळतले."

"मिसळले तर मिसळले. सगळा तुझाच आहे ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग गाडीवाल्याकडे बघितलं. मग म्हणाला, "होय. माझोच."

शिपायानं धडपे काढले आणि कंदिलाच्या काचा पुसायला ठेवून दिले. लडी एका ढिगात पडल्या. मी दोन पंच बोलावले, म्हणजे साक्षीदार. खाडीच्या तरीवरचा नावाडी एक आणि चहावाला एक. पंचनामा लिहिला. 'नायलॉन दोरा, लडी चव्वेचाळीस, वजन अमुक.' एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. मग भिकूचा जबाब. 'वरील सर्व माल माझ्या एकट्याच्या मालकीचा असून तो मासेमारीच्या धंद्यासाठी आणला आहे.' वाचून दाखवला. त्यानं अंगठा उठवला. माल जप्त. मला मनातून बरं वाटलं. इतका नीटनेटका पंचनामा त्या चौकीवर आधी कोणी केला नसेल असंही वाटलं. काय सांगू, हसू येतं आणि लाजही वाटते.

जप्तीनंतर नोटीस द्यावी लागते: माल सरकारजमा का करू नये याचं कारण दाखवा. ती द्यायला मीच गेलो. भिकूची वाडी मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्याला लागून. मालवणला एस.टी.तून उतरलो आणि वाळूतून बूट हातात घेऊन चालत गेलो. माडांखाली एक जुनं जाळं पसरलं होतं. सुती, सालीच्या पाण्यात उकळून काळं केलेलं. हात लावला तर तुकडा हातात आला.

"कुसला ता," एक बाई म्हणाली. "हात लावू नकात, रवला ता पण जायत."

ही पारू. तिशीतली असेल. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी होडी उलटून गेला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की बाई फटकळ आहे.

"दोरो घेऊन इलास काय?" तिनं विचारलं.

"नाही. नोटीस घेऊन आलोय."

"नोटिशीचा काय जाळा विणूचा?"

भिकू घरात नव्हता. त्याला बोलावून आणेपर्यंत मी माडाच्या बुंध्याशी बसलो आणि पारूनं मला जे सांगितलं ते मी त्या दिवशी चौकीवर विचारलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत जायचं, आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभं राहून माणसांनी ओढायचे. हे जाळं एकाचं नसतं. वाडीतलं प्रत्येक घर आपला तुकडा घरात विणतं आणि हंगामाच्या तोंडावर सगळे तुकडे एकमेकांना जोडतात. प्रत्येक घराच्या तुकड्याची जागा ठरलेली. कडेचा तुकडा जाड दोऱ्याचा, मधला बारीक. मासळीची वाटणी होते तेव्हा ओढणाऱ्याला वाटा, होडीला वाटा, आणि तुकड्यालाही वाटा.

"माझ्या घरात ओढूक कोण नाय," पारू म्हणाली. "पण माझो तुकडो आसा. तेचो वाटो माका गावता. तुकडो नाय, तर वाटो नाय. तेच्यावर माझा आनि सासूचा पोट."

"मग त्या दोऱ्यात तुझा..."

"दोन लडी. हिरव्या धडप्याच्यो. माझ्या लुगड्याचो धडपो मीच फाडून दिलंय भिकूभावजींकडे. बावीस घरां, बावीस धडपे. म्हापशाच्या दुकानात भावजींनी एकेकाचो दोरो तेच्या तेच्या धडप्यान बांधून घेतल्यानी. तुमी बघलास मा ते?"

मी घोटभर पाणी मागितलं. दुसरं काय करणार होतो?

भिकू आला. मी चिडूनच विचारलं, "अरे तांडेल, मग तू सगळा माझा असं का सांगितलंस?"

"रापणीत भायल्या माणसाकडे तांडेलच बोलता. तसोच रिवाज आसा आमचो." तो खाली बसला. "आनि साहेबानू, तुमी जप्ती म्हटलास. सरकारच्या कागदार मी ह्या बायकांची नावां कशी घालू? उद्या शिपाय दारात इलो तर? म्हटलंय, गुन्हो आसात तर एकट्याचो होवंदे."

घराला दोन लडी. म्हणजे अगदी साधा पर्सनल यूज. बावीस माणसं एकेकटी चौकीवर आली असती आणि प्रत्येकाच्या काखेत दोन लडी असत्या, तर मी मान वर करून बघितलंही नसतं.

"कधीपर्यंत हवाय दोरा?" मी विचारलं.

"आताच व्हयो," पारू म्हणाली. "पावसात दर्या बंद. तेवाच जाळां विणतत. नारळी पुनवेक तुकडे जोडूक व्हये. मागसून गावान काय उपेग? शिरा पडो त्या तुमच्या नोटिशीर!"

मी त्यांना सांगितलं, सुनावणीला सगळे या. बावीसही घरं. साहेबांना समोरासमोर सांगा. मीही सांगेन. हे शेवटचं मी बोललो होतो. नक्की बोललो होतो.

जूनच्या शेवटी मालवणच्या ऑफिसात सुनावणी झाली. बावीस घरांची बावीस माणसं भिजत, चालत आली होती. बायका बाहेरच्या पडवीत उभ्या राहिल्या, कपडे पिळत. सुपरिंटेंडंट साहेब साताऱ्याकडचे, कडक, पण वाईट माणूस नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत सगळं खापर साहेबाच्या डोक्यावर फोडायची पद्धत आहे.

त्यांनी भिकूचा जबाब वाचला. "इथे तर म्हणतोस सगळा माल माझ्या एकट्याचा."

"चूक झाली, साहेबानू. बावीस घरांचो आसा."

"आणि हे आता सुचलं?"

कस्टम्समध्ये याला आफ्टरथॉट म्हणतात. माणूस पकडला जातो तेव्हा एक बोलतो आणि घरी जाऊन विचार करून दुसरंच बोलतो. पहिलं बोललेलं खरं धरायचं, मागाहून सुचलेलं नाही. दहातल्या नऊ वेळा ते बरोबरच असतं. उरलेला एक माणूस भिकूसारखा असतो.

साहेबांनी कागद खाली ठेवला. "हे बघ, माझं म्हणणं सरळ आहे. खरोखर बावीस घरांचा असेल तर घराला दोन लडी पडतात. तेवढं मी घरगुती धरेन. आजच्या आज माल सोडेन. पण माल आणला तेव्हा तो वेगवेगळ्या घरांचा होता याला पुरावा दे. तोंडी नको."

पडवीतल्या बायका दाराशी सरकल्या. पारू सगळ्यांत पुढे होती.

भिकू म्हणाला, "धडपे होते, साहेबानू. घराघराचे. दोन दोन लडींका बांधलेले. ह्या साहेबांनी आपल्या डोळ्यांनी बघलेत. तेनीच काढूक सांगितलेले."

सुपरिंटेंडंट साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "काय हो? असे धडपे होते का?"

माझ्या हातात माझा नीटनेटका पंचनामा होता. धडपे होते म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: मग लिहिलं का नाही? ओळखीची खूण काढून टाकली आणि नोंदही केली नाही? दुसरा मेमो. माझी फाइल त्याच टेबलावर होती. कायम व्हायचा कागद त्याच महिन्यात वर जायचा होता. हे सगळं डोक्यातून जायला किती वेळ लागतो? काहीच लागत नाही.

मी म्हणालो, "पंचनाम्यात तशी नोंद नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. मला अजून वाटतं, त्यांना काहीतरी वास आला असावा. "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"नाही साहेब."

भिकूनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. जणू लाज त्यालाच वाटत होती. पारू मात्र पडवीतूनच ओरडली, "अरे मेल्या, माझ्या दारात बसून पाणी पिऊन गेलंस मा रे!" शिपायानं तिला गप्प केलं. साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं, आणि मीही.

माल सरकारजमा. ऑर्डर दोन पानांची होती. तिच्यात माझ्या पंचनाम्याचा उल्लेख 'सुस्पष्ट' असा होता.

मी बाहेर येऊन भिकूला म्हटलं, "अपील करता येतं. मी अर्ज लिहून देतो."

"कितके दिस लागतत?"

"सहा महिने. जास्तही."

"मगे जाळां कधी विणतलंव?" त्यानं छत्री उघडली. रागानं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो खरंच विचारत होता.

जप्त माल खरं म्हणजे वर्ष वर्ष गोदामात पडून राहतो. पण त्या वर्षी गोदामाला गळती होती, म्हणून लिलाव लवकर काढला. दोरा मालवणच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं घेतला. सरळ व्यवहार होता, त्यात काही खोट नव्हती. व्यापाऱ्याला दोरा मिळाला, पण विणणार कोण? रापणीचं जाळं विणायला हात लागतात, आणि तसे हात कुठल्या वाडीत आहेत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं दोरा गाडीत घालून भिकूच्याच वाडीत पाठवला. रोजावर.

श्रावणात मी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो होतो. मुद्दाम वाट वाकडी केली. का केली ते मला सांगता येणार नाही. ओट्याओट्यावर बायका विणत बसल्या होत्या. पांढरा, चकचकीत, न कुसणारा दोरा. पारूही विणत होती. तिच्या बोटांना नायलॉननं चिरा पडल्या होत्या, सुताची सवय असलेल्या हातांना तो कापतो. मला बघून तिनं सुई थांबवली नाही.

"बघा, साहेबानू," ती म्हणाली. "गावलो मा दोरो आमका."

मी उभा राहिलो. तिनं पुढे काही शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. तिनं दिली नाही. मी निघून आलो.

नारळी पौर्णिमेनंतर रापण समुद्रात उतरली, पण ती व्यापाऱ्याची. ओढायला वाडीतलेच पुरुष. त्यांना रोजाचे पैसे मिळायचे. तुकड्याचा वाटा हा प्रकारच उरला नाही, कारण तुकडे आता कोणाचे नव्हते. ज्या घरात ओढणारा होता त्याचं कसंबसं भागलं. पारूकडे ओढणारा नव्हता. ती व्यापाऱ्याची मासळी डोक्यावरून बाजारात वाहायला लागली, आणि पुढे सासू गेल्यावर मुंबईला कोणाकडे तरी कामाला गेली असं ऐकलं. कोणाकडे, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

मी कायम झालो. त्याच वर्षी.

पुढे नाकेच उठले. आमची चौकी रिकामी झाली, तिच्यात गावातले लोक पेंढा ठेवायला लागले. तसलाच दोरा मालवणच्या दुकानांत उघड्यावर टांगलेला दिसायला लागला. कोणीही जावं, कितीही घ्यावा. त्या दुकानावरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडून चालायचो. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं.

भिकू मला त्यानंतर एकदाच भेटला, तीन-चार वर्षांनी, मालवणच्या मासळीबाजारात. दुसऱ्याच कोणाची तरी टोपली उतरवत होता. मीच हाक मारली. तो आला, हात धोतराला पुसले, कसे आहात म्हणून विचारलं. माझी बदली कुठे झाली, मुलं किती, सगळं विचारलं. मला ते सहन होईना.

मी म्हटलं, "तांडेल, त्या दिवशी साहेबांसमोर मी..."

त्यानं मला पुढे बोलू दिलं नाही. "सोडा ओ, साहेबानू. तुमी खोटा कायच नाय बोललास."

टोमणा होता का? मी पुष्कळदा विचार केला. नसावा. भिकू सरळ माणूस. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्यानं मला सोडवायलाच ते म्हटलं होतं. मालकानं हाक मारली, तसा तो "येतंय" म्हणून गेला. टोमणा असता तर मी कधीच विसरून गेलो असतो.

नंतरच्या नोकरीत मी अनेक जप्त्या केल्या. सोनं पकडलं, घड्याळं पकडली, शाबासक्याही मिळाल्या. नवीन इन्स्पेक्टर हाताखाली आले की ते मला पर्सनल आणि कमर्शियलमधला फरक विचारायचे. मी त्यांना नियम सांगायचो आणि वर एवढंच सांगायचो, की कोणी काही विचारलं तर विचारलं असेल त्याचंच उत्तर द्या. ते मान डोलवायचे. म्हातारा काहीतरी बोलतोय, असं त्यांना वाटत असणार.

साहेबांनी मला नोंदीबद्दल विचारलं नव्हतं. धडपे होते का, असं विचारलं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. होते.